अ‍ॅनायन रिसेप्टर, म्हणजे ऋण आयन पकडणारा रेणू, करायला घेतोयस तर आधी पाण्याचा विचार कर

अरे, कागदावर आयनासाठीची पोकळी छान बसली म्हणून लगेच सिंथेसिसला (रेणू बनवायला) लागू नकोस. सल्फेटला पाण्याने फार घट्ट धरलेलं असतं, हायड्रेशन एनर्जी (आयनाभोवती पाणी जमताना सुटणारी ऊर्जा) साधारण −1080 किलोज्यूल प्रति मोल, क्लोराइडची −340 च्या आसपास, त्यामुळे रिसेप्टरचे दोन-चार एनएच (हायड्रोजन बाँड देणारे N–H गट) त्याला पाण्यातून ओढून काढतील ही आशा सोड, प्रत्येकी दोन एनएच असलेल्या सहा युरिया गटांनी चहूबाजूंनी घेरून 12 हायड्रोजन बाँड दिले तर गोष्ट वेगळी. आणि फ्लोराइड टाकल्यावर द्रावण पिवळं झालं की बाइंडिंग झालं असं मीपण धरून चाललो होतो, पण एनएमआरमध्ये (रेणूतल्या प्रोटॉनचे सिग्नल दाखवणाऱ्या चाचणीत) 16 पीपीएमजवळ ट्रिप्लेट (तीन फाट्यांचा सिग्नल) दिसला, तो HF₂⁻ चा, म्हणजे एनएचचा प्रोटॉनच फ्लोराइडने पळवलेला! डीएमएसओ या सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये, पाण्याविना मिळालेल्या बाइंडिंगच्या आकड्यांवर भाळू नकोस, थोडं पाणी मोजून घाल आणि टायट्रेशन (आयन थोडा थोडा घालून बाइंडिंग मोजणं) परत कर.