टीसीचा अर्ज आत्ता देऊ नकोस

प्रिय लेकी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ‘मॅडम, टीसीसाठी अर्ज कुणाच्या नावे करायचा?’ एवढंच लिहिलंयस. बाकीचं तुझ्या रूममेटकडून कळलं. घटस्थापनेला गावी गेलीस, सीना नदीचं पाणी रातोरात घरात शिरलं, शेतातली माती खरवडून गेली. आई-आबा सुखरूप आहेत हे ऐकलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

टीसीचा अर्ज आत्ता देऊ नकोस. टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला; तो घेतलास की पटावरून नाव जातं, आणि पटावर नसलेल्या मुलीला विद्यापीठाच्या कुठल्याच योजनेत जागा नसते. पटावर आहेस तोवर तू अडचणीत सापडलेली विद्यार्थिनी आहेस, आणि अशा विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच तरतुदी आहेत. त्या मागाव्या लागतात, एवढंच.

विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून काम करताना मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. मुलं नापास होऊन जेवढी जातात, त्याहून जास्त मुकाट्याने जातात. वडील अंथरुणाला खिळतात, घरात कुणी दगावतं, पीक हातचं जातं, आणि मुलगा कॉलेजला यायचा थांबतो. आधी लाज वाटते, मग उशीर झाला असं वाटतं, मग फोन बंद होतो. सवलतींची परिपत्रकं नोटीस बोर्डावर लागतात, पण ज्याला त्यांची गरज असते तो त्या बोर्डापासून दोनशे किलोमीटरवर चिखल उपसत असतो. माझं ठाम मत आहे की सलग आठवडाभर न दिसलेल्या मुलाला कॉलेजने स्वतः फोन करायला हवा. पालक शिक्षक नेमतात ते त्यासाठीच. सगळीकडे तसं होत नाही, म्हणून तू वाट बघू नकोस. तूच आधी कळव.

कळवायचं ते कागदावर. फोनवर ‘हो हो, बघू’ म्हणणारी माणसं चांगलीच असतात, पण परीक्षा विभाग कागद मागतो. अर्ज प्राचार्यांच्या नावे, एका पानाचा. काय सोसलंस ते थोडक्यात आणि तारखांसह लिही, आणि काय हवंय ते स्पष्ट माग. असं काहीतरी: ‘२२ सप्टेंबर रोजी सीना नदीचे पाणी आमच्या घरात शिरले. तेव्हापासून मी तासिका व प्रात्यक्षिकांना हजर राहू शकले नाही. या काळातील गैरहजेरी माफ करावी, चुकलेली अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्यावी आणि परीक्षा शुल्कात सवलत द्यावी, ही विनंती.’ खाली पीआरएन (विद्यापीठाचा तुझा कायम नोंदणी क्रमांक) आणि मोबाइल नंबर. सोबत पंचनाम्याची झेरॉक्स किंवा तलाठ्याचा दाखला. पंचनामा आबांच्या नावाचा असणार, म्हणून रेशनकार्डाची प्रत जोड, म्हणजे नात्याचा प्रश्न कुणी काढणार नाही.

अर्जाच्या दोन प्रती कर. एक ऑफिसला द्यायची, दुसरीवर इनवर्डचा, म्हणजे आवक नोंदीचा, शिक्का, नंबर आणि तारीख घ्यायची. ‘ठेवून जा, नंतर मारतो’ म्हणाले तर नम्रपणे तिथेच थांबायचं. पुढे कुणी ‘तुम्ही कळवलंच नाही’ म्हणालं तर ती तारीख तुझ्या बाजूने बोलेल. ७५ टक्के हजेरीचा नियम खराच आहे, पण आजारपण आणि आपत्तीत सूट देण्याचीही सोय आहे. ती अर्ज वेळेत आला तरच वापरता येते.

प्रात्यक्षिकांची जर्नल भिजली म्हणून तू सगळ्यात जास्त रडलीस, असं कळलं. साहजिक आहे, सगळ्या आकृत्या तू दोनदोनदा काढल्या होत्यास. पण जर्नल गेली म्हणजे प्रात्यक्षिकं गेली असं नाही. कोणता प्रयोग कधी केलास याची नोंद विभागाच्या हजेरीत आहे. त्यावरून विभागप्रमुख दाखला देऊ शकतात, आणि प्रात्यक्षिक परीक्षेला तो चालतो. आधी तो मागून बघ, नवी जर्नल लिहायला बसण्याची घाई करू नकोस. दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट डिजिलॉकरमध्ये मिळतील. कागदी प्रत लागलीच तर बोर्डाच्या विभागीय कार्यालयातून दुसरी निघते. भिजलेले कागद उन्हात टाकू नकोस, सावलीत सुटे करून वाळव.

आणि परीक्षेचा फॉर्म काहीही झालं तरी भर. इथे मुलं हमखास फसतात. ‘अभ्यासच झाला नाही, मग फॉर्म कशाला’ असं वाटतं. फॉर्म भरलेला असेल आणि एखादा पेपर चुकला किंवा राहिला, तर तो विषय बॅकलॉग म्हणून पुढे देता येतो. राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची सोय, म्हणजे एटीकेटी, त्यासाठीच असते. फॉर्मच नसेल तर तू त्या सत्रात बसलीसच नाहीस असं धरलं जातं. फीची अडचण असेल तर ऐक: दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत ज्या सवलती मिळतात, त्यात विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ करणं ही जुनी सवलत आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने अतिवृष्टीच्या भागाला त्याच सवलती लागू केल्या. तुझ्या तालुक्याचं नाव यादीत आहे का ते तहसीलमधून बघून घे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्जही याच वर्षी रिन्यू कर. एक वर्ष सुटलं की पुढे त्रास होतो.

मेसचे पैसे आता घरून मागवत नाही, असं तू म्हणाल्याचं ऐकलं. मग कमवा व शिका योजनेत नाव दे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती गरीब घरातल्या पोरांनी कष्ट करून ताठ मानेने शिकावं म्हणून. आपल्या विद्यापीठाची योजना त्यांच्याच नावाने आहे. ग्रंथालयात, विभागात, बागेत तासाच्या हिशेबाने काम असतं आणि वेळ तासिका सांभाळून लावून घेता येते. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. राहण्याचा प्रश्न आला तर पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते, तिथे चौकशी करू.

समजा, एवढं करूनही घरी राहणंच भाग पडलं. आबांना एकट्याने सगळं उभं करणं झेपणारं नाही, हे मलाही दिसतंय. तरी वाट बंद होत नाही. तू २०२४ मध्ये प्रवेश घेतलास, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत आहेस. पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमाचे श्रेयांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात तुझ्या नावावर जमा आहेत. कौशल्याचा चार क्रेडिटचा कोर्स पूर्ण केलास तर पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. हा मार्ग मी तुला शेवटचा म्हणून सांगतेय. घरची कामं संपत नाहीत, आणि मुलगी घरी बसली की पाहुणे स्थळं सुचवू लागतात. थांबायचंच झालं तर परत कधी येणार ते आत्ताच ठरव, आणि आई-आबांना तो महिना सांगून ठेव.

कुणी अर्ज घ्यायलाच नकार दिला, किंवा घेऊन दाबून ठेवला, तर गप्प बसायचं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही, पण नियम माहीत आहे हे समोरच्याला कळलं की बोलणं बदलतं.

एक गोष्ट रूममेटने काळजीने सांगितली. तुला झोप लागत नाही, पावसाचा आवाज आला की उठून बसतेस. एवढं पाणी डोळ्यांनी पाहिल्यावर असं होणं स्वाभाविक आहे, पण ते एकटीने सोसू नकोस. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही उचलतात. कॉलेजच्या समुपदेशक मॅडमशी मी बोलून ठेवते. आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

दिवाळीच्या सुट्टीआधी ऑफिस चालू आहे. सोमवारी सकाळच्या एसटीने निघालीस तर दुपारी पोचशील. इनवर्डला मी सोबत येते, विभागप्रमुखांची वेळही घेऊन ठेवते. पंचनाम्याची झेरॉक्स आण, मूळ प्रत घरीच राहू दे. नुकसानभरपाईसाठी ती आबांना लागेल.

तुझ्या पालक शिक्षिका