मुक्कामाची एसटी

प्रिय मुली,

काल जिन्यात तू मोबाइल पुढे केलास आणि मी नुसतं "बघू" म्हणून वर गेलो. तुला तुटक वाटलं असेल. पण तो तक्ता बघून मला इतकं बोलायचं होतं की जिन्यात उभ्या उभ्या झालं नसतं. सतरा ठिकाणं. प्रत्येकापुढे अंतर, तापमान, भाडं, रेटिंग, आणि शेवटच्या रकान्यात सतरा वेळा प्रश्नचिन्ह. 26 जानेवारी सोमवारी आली म्हणून मिळालेल्या तीन दिवसांत तुला आणि मैत्रिणीला कुठेतरी उबेला जायचंय, गर्दी मात्र नको, आणि त्यासाठी तू पंधरा दिवस डोकं शिणवलंस.

उबेचं आधी उरकतो, ते सोपं आहे. महाबळेश्वर, पाचगणी खोड. चार-साडेचार हजार फुटांवर जानेवारीत ऊब शोधायला कोण जातं? दापोलीही खोड. कोकण म्हटलं की ऊब, असं नसतं. दापोली वर पठारावर आहे, थंडीत तिथला पारा दहाच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात, आणि घाटी उतरून हर्णैला गेलं की रात्री पातळ चादर पुरते. समुद्राला चिकटून राहायचं, एवढंच.

गर्दीचं मात्र तू उलटं धरलं आहेस. रेटिंगचा रकाना हिरवा केला आहेस ना? चार हजार लोकांनी साडेचार तारे दिले म्हणजे चार हजार लोक तिथे जाऊन आले. तो गर्दीचा हजेरीपट आहे, बाई. तो वाचून निवांत जागा कशी सापडेल?

माझं म्हणणं एकच आहे. जिथे मुक्कामाची एसटी जाते ते गाव निवड.

तू लातूरकडची, तुला मुक्कामाची गाडी सांगायला नको. पण कोकणातली सांगतो. डेपोतून संध्याकाळी सुटते, फाट्याफाट्यावर माणसं आणि पिशव्या उतरवत रात्री आठ-साडेआठला शेवटच्या थांब्यावर पोचते. पुढे रस्ता नसतो, समुद्र असतो. ड्रायव्हर गाडी वडाखाली वळवून तोंड परतीकडे करून ठेवतो. कंडक्टर तिकिटाचं मशीन आणि पैशाची बॅग काखेत मारून ठरलेल्या घरी जेवायला जातो. सकाळी काच दवानं भरलेली असते, ती वर्तमानपत्रानं पुसायची आणि सहाला निघायचं. अशा गावातून पुढे कुठे जाता येत नाही, त्यामुळे कुणी "जाता जाता" येत नाही. गणपतीपुळे, तारकर्ली वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण तिथे गाडी थेट वाळूपर्यंत जाते, आणि जिथे गाडी थेट जाते तिथे जोडून सुट्टीला सगळं पुणं जातं.

मी 1991 पासून चार वर्षं राजापूरला बँकेत होतो, म्हणून तिकडचंच सांगतो. पूर्णगड ते विजयदुर्ग हा पट्टा नकाशावर बघ. सागरी महामार्ग थोडा आतून जातो आणि त्याला समुद्राकडे फाटे फुटतात : वेत्ये, कशेळी, आंबोळगड. मला हवेत ते हे फाटे. कशेळी मात्र या वेळी मुक्कामाला धरू नकोस. 25 तारखेला रथसप्तमी आहे, आणि तिथल्या कनकादित्याचा, म्हणजे सूर्यदेवाचा, उत्सव तेव्हाच असतो. दर्शनाला तासभर जा, ती गावाची स्वतःची गर्दी, ती अंगावर येत नाही. वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळात कोरलेला भला मोठा हत्ती आहे, तोही बघ.

हॉटेल शोधत बसू नकोस. राजापूर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचार, "मुक्कामाच्या गाड्या कुठे कुठे जातात?" मग गाडीतच कंडक्टरला विचार, "तुम्ही जेवता कुठे?" ज्या घरी ड्रायव्हर-कंडक्टर रोज जेवतात, त्या घरी अन्न ताजं असतं आणि खोली नसली तर शेजारची मिळवून देतात. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, मासे खात असलीस तर बांगडा. दुपारी ऊन चांगलंच लागेल, पारा तिशी ओलांडतो, मग तीनच्या सुमाराला खारा वारा सुटतो. आणि संध्याकाळी जांभ्या दगडाच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, पाठ टेकून बस. सूर्य बुडून अर्धा तास झाला तरी तो दगड दिवसभराचं ऊन सोडत असतो. तुझ्या तक्त्यातल्या तापमानाच्या रकान्यात ही ऊब येत नाही.

आता तू म्हणशील, काका, हे तुमच्या वेळचं. तुझी काकूही तेच म्हणते. तिचं ऐक, मग माझं ऐक. 1993 च्या जानेवारीत मी दोघांना, म्हणजे तिला आणि चार वर्षांच्या पोराला, अशाच एका गावी नेलं. दुसऱ्या रात्री पोराला सणसणून ताप भरला. डॉक्टर बारा किलोमीटरवर, गाडी सकाळी सहाची. घरमालकीण रात्रभर पाण्याच्या पट्ट्या बदलत बसली, काकू माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ते तिनं आजही माफ केलेलं नाही. क्रोसिनची बाटली न्यायला हवी होती, हे मान्य. तुझ्या पिशवीत औषधं असू देत, आणि तिथे रेंज जाते हे आईला आधी सांगून ठेव.

पण गावाची निवड चुकली होती, हे मान्य नाही. कारण पुढे 2003 साली तिच्या आग्रहानं आम्ही 31 डिसेंबरला एका नावाजलेल्या किनाऱ्यावर गेलो. पाच तासांच्या वाटेला अकरा तास. खोलीच्या खिडकीखाली रात्री तीनपर्यंत स्पीकर. सकाळी वाळूवर बाटल्यांच्या काचा, म्हणून पोराला चपला घालून समुद्रात सोडलं. आदल्या वर्षी मीच दोनदा म्हणालो होतो, राजापूरकडे जाऊ, आणि घरात नको कटकट म्हणून गप्प बसलो होतो. मला पस्तावा तापाच्या रात्रीचा नाही, त्या गप्प बसण्याचा आहे. तिथे ताप आला असता तर त्या रांगेतून डॉक्टरकडे गेलो असतो का? सांग. काकूला विचारलं तर ती म्हणते, विषय बदलू नका.

असो. रेल्वेचं विसर, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि तू जागी झालीस जानेवारीत. एसटीनं जा, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. कोल्हापूर गाठ, तिथून अणुस्कुऱ्याचा घाट उतरून राजापूर. शनिवारी पहाटे निघू नकोस, सगळे तेव्हाच निघतात. शुक्रवारी रात्रीच बाहेर पड. आणि मंगळवारची रजा टाक. "मॅनेजर देणार नाही" म्हणालीस. विचारलंस का? न विचारताच नाही म्हणणारी माणसं मी बँकेत पस्तीस वर्षं पाहिली, त्यातला एक मीही होतो.

पुन्हा सांगतो, कारण तू संध्याकाळी परत तो तक्ता उघडशील हे मला माहीत आहे : मुक्कामाची एसटी. खोली कशी, बाथरूम कुठे, वायफाय आहे का, हे सगळं नंतर. मैत्रीण कुरकुरली तर तिला माझ्याकडे पाठव. नको, काकूकडे पाठवू नकोस.

सोमवारी सकाळी शाळेत झेंडावंदनाला जा. पंधरा-वीस पोरं असतील, प्रभातफेरीत तुम्हा दोघींनाही ओढतील, आणि शेवटी गोळ्या वाटताना गुरुजी पाहुण्यांनाही देतात. मंगळवारी सहाच्या गाडीला उशीर करू नकोस. ड्रायव्हर चहा पिऊन एकदाच हॉर्न देतो. आणि ज्या घरी राहशील तिथून किलोभर कुळथाचं पीठ आण. पैसे मी देईन. काकूला राजापूरचं आहे म्हणून सांगू नकोस.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका