गाणं जुनं झालं, मग माझं काय?

"मॅडम, आमची गाणी आता 'जुनी गाणी' झाली." हे वाक्य हल्ली वरचेवर कानावर पडतं. चाळिशी-पन्नाशीतली माणसं येतात ती झोपेची तक्रार घेऊन, मुलांशी उडणारे खटके घेऊन. बोलता बोलता हे निघतं, सांगताना थोडं हसतात आणि लगेच विषय बदलतात. अंजलीताईंनी विषय बदलला नाही, म्हणून त्यांची गोष्ट सांगते. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

वय एकोणपन्नास, बँकेत अधिकारी. पुतण्याच्या लग्नात आदल्या रात्री संगीत होतं. डीजेनं माईकवरून हाक दिली, "आता काकू-मावश्यांसाठी रेट्रो!" आणि 'रंगीला' लावलं. जावा-नणंदा उठून नाचायला गेल्या. अंजलीताई मात्र खुर्चीतच बसून राहिल्या. त्या रात्रीनंतर स्वयंपाक करताना गुणगुणणं बंद. मोबाईलमधली गाणी पुसून टाकली. बँकेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी गायच्या, यंदा नाव दिलं नाही. नवरा बिचारा समजूत काढायचा, "अगं, तू अजून कॉलेजातली दिसतेस." त्यावर त्या आणखीनच चिडायच्या.

मी विचारलं, "गाणं जुनं झालं, हे खोटं आहे का?"

"खोटं कुठे? मीच हिशेब केला. 'रंगीला' 1995 चा. तेव्हा मी एकोणीस वर्षांची. त्या वेळी तीस वर्षं जुनं म्हणजे काय, तर 1965 चा 'गाईड'. तो आमच्या बाबांचा. सकाळी विविध भारतीवर 'भूले बिसरे गीत' लागलं की आम्ही म्हणायचो, बाबांचा खजिना उघडला. आज माझी लेक माझ्याकडे तसंच बघते."

"बरं. मग पुढे?"

"पुढे काय? मी म्हातारी झाले."

"आणि म्हातारं झालं की?"

त्या थोड्या थांबल्या. "की संपलं. मग कुणी विचारत नाही."

माझा कल विवेकनिष्ठ विचारसरणीकडे आहे, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये ती मांडली आणि डॉ. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. तिचं सार असं, की घटनेपेक्षा त्या घटनेला आपण चिकटवलेलं वाक्य आपल्याला जास्त छळतं. अंजलीताईंच्या बोलण्यात तीन वाक्यं होती. गाणं जुनं झालं: खरं. माझं वय वाढलं: खरं. आता माझं संपलं: हे मात्र त्यांनी स्वतः जोडलेलं. घरचे सगळे पहिल्या दोन वाक्यांशी भांडत होते आणि तिसऱ्याला कुणी हातच लावत नव्हतं. "तू अजून तरुण दिसतेस" या दिलाशातून, तरुण दिसलं नाही तर सारंच गेलं, हे आपण नकळत मान्य करून टाकतो. म्हणून मी हा दिलासा कधीच देत नाही, आणि घरच्यांनीही देऊ नये असं कळकळीनं सांगते.

तरुणपणीचीच गाणी एवढी का चिकटतात, हेही त्यांच्याशी बोलले. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी मनात जास्त ठसतात. पहिली मैत्रीण, पहिली चोरटी नजर, घरापासून लांब पहिला मुक्काम, सगळं त्याच काळातलं. त्या वेळी कानावर पडलेली गाणी त्या आठवणींसोबत राहतात. त्यामुळे 'आमच्या वेळचं संगीतच भारी' हा दावा पिढी दर पिढी होत आला आहे. ए. आर. रहमानच्या संगीताला 'नुसता गोंगाट' म्हणणारे बाबा तेव्हा घरोघरी होतेच की.

हे सगळं त्यांना पटलं. पण पटलं म्हणून बरं वाटतं असं नाही. मग मी घरी करायला एक काम दिलं: 'रंगीला'ची सगळी गाणी एका बैठकीत, हातात दुसरं काहीही न घेता ऐकायची आणि मनात येईल ते लिहून आणायचं.

पुढच्या वेळी त्या आल्या त्या पर्समधून एक कागद काढतच. कॅसेटच्या डबीतला, घड्या घातलेला. टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता, पण कॅसेट माळ्यावरच्या डब्यात सापडली होती. घडीवरची अक्षरं झिजलेली, कडेला निळ्या बॉलपेननं मैत्रिणीचं नाव. अंजलीताईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे गाणं कोणी गायलंय बघा. आशा भोसले. लेकीला त्यांची जन्मतारीख बघायला सांगितली. 8 सप्टेंबर 1933." मग आवाज चढला. "म्हणजे सिनेमा आला तेव्हा बासष्ट वर्षांच्या! आज मी आहे त्याहून तेरा वर्षांनी मोठ्या. माझ्या तारुण्याचं गाणं साठी ओलांडलेल्या बाईनं गायलंय, आणि मी एकोणपन्नासाव्या वर्षी नाव मागे घेते?"

मला ही गोष्ट ठाऊक होती. पहिल्याच दिवशी सांगता आली असती, पण सांगितली असती तर ती माझी माहिती झाली असती. त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा गप्प बसल्या असत्या. स्वतः शोधलेला पुरावा माणूस सहजासहजी टाकून देत नाही. अशा वेळी जीभ आवरता येणं हे मी या कामातलं मोठं कौशल्य मानते.

त्या बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिल्या आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. कॉलेजात असताना युवक महोत्सवात गायच्या. बाईंनी सांगितलं होतं, रीतसर शीक. मग नोकरी, लग्न, लेक, सासूबाईंचं आजारपण. 'पुढे बघू' म्हणत राहिल्या. जोवर ती गाणी 'आत्ताची' होती, तोवर ते 'पुढे'ही शिल्लक आहे असं वाटत होतं. डीजेनं 'रेट्रो' म्हटलं आणि त्यांच्या शब्दांत, "माझी मुदतच संपली."

दुःख गाण्याचं वय वाढल्याचं नव्हतंच. तुम्हालाही आपलं गाणं 'जुन्यां'च्या यादीत बघून कळ आली, तर गाण्याचा हिशेब जरा बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: त्या काळात मी काय करायचं ठरवलं होतं, जे अजून केलेलं नाही? कुणाला फोन करायचा राहिलाय? उत्तर बहुधा तिथे सापडतं. मुलांची गाणी मुलांसोबत बसून ऐका, लगेच निकाल देऊ नका. थोडी खंत उरेल, ती उरू द्या. ती स्वाभाविक आहे, औषधाची गरज नाही. मात्र दोन-तीन आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर गाण्यावर न ढकलता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

अंजलीताईंनी कॅसेटवर नाव असलेल्या मैत्रिणीला फोन केला. शनिवारी संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जाऊ लागल्या आहेत. सोबतच्या मुली लेकीच्या वयाच्या. सरांनी सध्या नुसते अलंकार घोटायला दिलेत, त्याचा त्यांना भारी कंटाळा येतो. आल्या की आधी पाच मिनिटं सरांची तक्रार करतात.