पोलंडमध्ये कम्युनिस्टांनी वसवलेल्या नोवा हुता शहरात एवढं मोठं चर्च कसं काय बांधू दिलं?

बांधू दिलं असं म्हणणं जरा जास्तच होईल, लोकांनी वीस वर्षं पिच्छा पुरवला तेव्हा झालं.

मी वसईचा, नोकरीसाठी काही वर्षं क्राकोला होतो. नोवा हुता तिथून ट्रामने जाता येतं, त्यामुळे पोलिश कळत नसतानाही रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, बऱ्याचदा तिथेच.

१९४९ ला सरकारने तिथे पोलाद कारखाना आणि कामगारांसाठी नवंकोरं शहर बांधायला घेतलं. कारखान्याला नंतर लेनिनचं नाव दिलं. रुंद रस्ते, शाळा, थिएटर सगळं प्लॅनमध्ये, चर्च तेवढं नाही. पण कामाला माणसं आणली खेड्यापाड्यातून, आणि ती येताना देव गावाला ठेवून थोडीच येणार! त्यात शहराच्या कडेलाच मोगिवाचा मठ, तो १२२० च्या दशकापासूनचा.

१९५६ नंतर सरकार जरा नरमलं, चर्चला जागा मिळाली, १९५७ ला लोकांनी तिथे लाकडी क्रूस रोवला. मग सरकारचं मन फिरलं, परवानगी रद्द, आता म्हणे तिथे शाळा. २७ एप्रिल १९६० ला क्रूस काढायला माणसं आली तर आधी आसपासच्या बायकाच अंगावर धावून गेल्या, नंतर शिफ्ट सुटल्यावर कारखान्यातले लोक पण आले आणि मग रात्रीपर्यंत दगडफेक, अश्रुधूर, धरपकड, सगळं झालं. क्रूस काही हलला नाही. म्हणजे ज्या कामगारांच्या नावाने राज्य चालवायचे त्यांच्यावरच पोलीस सोडले, हे मला अजून पचत नाही.

तेव्हा क्राकोचे सहायक बिशप होते कारोल व्होइतिवा. ते १९५९ पासून नाताळची मध्यरात्रीची मिस्सा तिथे उघड्यावर करायचे, पोलंडच्या थंडीत! शेवटी १९६७ ला परवानगी मिळाली, पण जुन्या जागी नाही, जवळच्या बिएंचित्सेला. पहिली कुदळ व्होइतिवांनीच मारली. सरकारी मदत शून्य, बरंचसं काम लोकांनी हाताने केलं, भिंतींवर लावायला नद्यांमधले गोटे लोकांनी गोळा करून आणले, जवळजवळ वीस लाख. चर्चचा आकार बायबलमधल्या नोहाच्या तारवासारखा, म्हणजे जहाजासारखा, म्हणून नाव आर्का पाना, म्हणजे प्रभूचं तारू. अभिषेक झाला १५ मे १९७७ ला, व्होइतिवांच्याच हस्ते, आणि पुढच्याच वर्षी ते पोप झाले, जॉन पॉल दुसरे. १९७९ ला पोप म्हणून पोलंडला आले तर सरकारने त्यांना या चर्चला जाऊच दिलं नाही, मोगिवाच्या मठापर्यंतच. आता हसायचं की रडायचं!

बघायला गेलात तर क्रूस चर्चच्या आवारात शोधू नका, तो जुन्या जागीच आहे, तेआत्राल्ने नावाच्या वसाहतीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी उगाच अर्धा तास चर्चभोवती फिरत होतो.