थेंब एकच, मग त्रास एकाच डोळ्याला का?

तुमच्या प्रश्नातला मुद्दा असा: आईंना काचबिंदूसाठी दोन्ही डोळ्यांत रात्री लॅटानोप्रॉस्टचा एकेक थेंब चालू आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनवेळी लेन्स बसवता आली नाही आणि महिनाभर त्याच डोळ्याने अंधुक दिसतंय.

आधी मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाला, सूज आली आहे का ते बघून घ्या. औषध तेच असलं तरी दोन डोळे आतून सारखे राहिलेले नाहीत. लेन्समागचं पातळ आवरण शाबूत असतं तेव्हा डोळ्याच्या पुढच्या भागातली दाह वाढवणारी द्रव्यं मागे सहज पोचत नाहीत. लेन्स नाही आणि आवरणही फाटलेलं, तर ही आडकाठीच उरत नाही. लॅटानोप्रॉस्ट प्रोस्टाग्लँडिनच्या, म्हणजे दाहात भाग घेणाऱ्या अशाच द्रव्यांच्या, कुळातलं आहे. या कुळामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि मॅक्युलात साचतं, असं मानतात.

गोची अशी, की यात डोळा सहसा दुखत नाही. मग नंबर वाढला असेल म्हणत चष्म्यावर वेळ जातो. आईंना जवळचा चष्मा लावून, डावा डोळा झाकून, चौकटीच्या वहीचं पान 30-35 सेंटीमीटरवर धरून दाखवा. मधल्या रेषा वाकड्या किंवा पुसट दिसल्या तर संशय पक्का. सरळ दिसल्या तरी निर्धास्त होऊ नका, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, करून घ्या. त्यात पडद्याच्या थरांमध्ये काळ्या पोकळ्या दिसतात. मधुमेह असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, त्यानेही अशीच सूज येते.

थेंब मनाने बंद करू नका, डोळ्यातलं प्रेशर चढेल. दोनचार दिवसांत डॉक्टरांना गाठा. बहुधा उजव्या डोळ्याचं औषध बदलतील आणि सुजेसाठी वेगळे थेंब देतील. बदली थेंबांपैकी टिमोलॉल दमा किंवा मंद नाडी असेल तर चालत नाही. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, आधीच कमजोर असेल तर डॉर्झोलामाइड हे दुसरे थेंब जपून. सूज ओसरायला काही आठवडे, कधी महिने लागतात.

पुढे लॅटानोप्रॉस्ट फक्त डावीकडे राहिलं, तर तिकडच्याच पापण्यांचे केस लांब आणि दाट दिसतील. त्याने घाबरू नका. दोन डोळ्यांच्या दोन बाटल्या झाल्या की मात्र उजव्या डोळ्याच्या बाटलीला रबरबँड गुंडाळा, रात्री अर्धवट झोपेत हाताला कळतं.