एलईडी ड्रायव्हरची फ्रिक्वेन्सी वाढवली की करंट का डळमळतो?

तुमचा बक ड्रायव्हर (स्विच वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज कमी करणारा) ४८ व्होल्टवरून तीन एलईडींची सिरीज चालवतोय, ९.६ व्होल्ट, ७०० मिलिअँपिअर. ३०० किलोहर्ट्झला सगळं शांत होतं, कॉइल लहान करायची म्हणून दीड मेगाहर्ट्झवर नेला आणि लाईट लुकलुकायला लागला, तर आता कॉम्पेन्सेशनचा (करंट सांभाळणारा फीडबॅक स्थिर ठेवणारा) कपॅसिटर बदलून बघू का, असं विचारताय.

नका बदलू. मी एकदा अख्खे दोन दिवस तोच कपॅसिटर बदलत बसलो होतो, सोल्डर करून करून पॅड उचकटला, आणि दोष तिथे नव्हताच. शेवटी स्विच नोडला, म्हणजे स्विच आणि कॉइल जुळतात तिथे, स्कोपचा प्रोब लावला (ग्राउंडची वायर आखूड ठेवा, नाहीतर त्या वायरचंच रिंगिंग बघत बसाल) तेव्हा दिसलं की सगळे पल्स एकाच रुंदीचे आहेत, फक्त मधलं अंतर कधी कमी कधी जास्त. रुंदी अशी चिकटून बसली की समजायचं, चिप मिनिमम ऑन-टाइमला, म्हणजे स्विच कमीत कमी जितका वेळ ऑन ठेवता येतो त्याला, टेकलीये.

तुमचा हिशोब बघा, ड्यूटी (सायकलचा जेवढा भाग स्विच ऑन असतो तो) ९.६ भागिले ४८ म्हणजे ०.२, दीड मेगाहर्ट्झला सायकल ६६७ नॅनोसेकंदांची, म्हणजे स्विच जेमतेम १३३ नॅनोसेकंद ऑन राहायला हवा. पण स्विच ऑन होताना करंट सेन्सवर जो स्पाइक येतो त्याला चिपने खरा करंट समजू नये म्हणून सुरुवातीला थोडा वेळ ती डोळे मिटूनच बसते, त्याला ब्लँकिंग म्हणतात, वर कम्पॅरेटर (करंट हद्दीला पोचला का ते बघणारा) आणि गेट ड्रायव्हर (स्विच ऑन-ऑफ करणारा) यांचा उशीर वेगळाच. समजा हे सगळं मिळून २०० नॅनोसेकंद झालं, तर ०.२ भागिले २०० नॅनोसेकंद, १ मेगाहर्ट्झ, फ्रिक्वेन्सीची हद्द तिथेच संपली. त्याच्या वर गेलात की प्रत्येक पल्सला करंट जरा जास्तच चढतो आणि मग चिप मधले पल्स गाळून सरासरी सांभाळते, तेच तुम्हाला लुकलुकताना दिसतंय. डेटाशीटमधला टिपिकल आकडा घेऊ नका, मॅक्सचा घ्या, इनपुटही जास्तीत जास्त जितकं जाईल तितकं धरा. मी असतो तर ६००-७०० किलोहर्ट्झवर थांबलो असतो, तसंही स्विचिंग लॉस फ्रिक्वेन्सीबरोबर सरळ वाढतो.

उलटी अडचण इनपुट कमी असताना येते. समजा उद्या याच बोर्डावर २४ व्होल्ट देऊन १८ व्होल्टची सिरीज लावलीत, तर ड्यूटी ०.७५. पीक करंट मोड (करंट ठरलेल्या शिखराला पोचला की स्विच बंद) असेल आणि स्लोप कॉम्पेन्सेशन नसेल तर १० मिलिअँपिअरची चूक पुढच्या सायकलला ३० होते, मग ९०, आणि दर वेळी उलट्या दिशेने. स्कोपवर एक पल्स जाड, एक बारीक. इथे फ्रिक्वेन्सी कितीही बदला, गुणोत्तर तेच राहतं कारण ते ड्यूटीवर ठरतं, ५०% च्या वर गेलात की हे आलंच. कॉइलचा करंट ज्या उताराने खाली येतो त्याच्या निम्म्या उताराचा तरी रॅम्प (सरळ चढत जाणारा सिग्नल) करंटच्या सिग्नलमध्ये मिसळावा लागतो, तेच स्लोप कॉम्पेन्सेशन.

मला स्वतःला या कामाला कॉन्स्टंट ऑफ-टाइमवाली (दर सायकलला स्विच ठरावीक वेळच बंद ठेवणारी) चिप आवडते, तिला हा जाड-बारीकचा त्रासच नाही. ऑफ-टाइम २ मायक्रोसेकंद आणि कॉइल १०० मायक्रोहेन्री धरली तर तुमच्या ९.६ व्होल्टला रिपल (कॉइलच्या करंटचा चढउतार) साधारण १९० मिलिअँपिअर, इनपुट काहीही असो. बदल्यात फ्रिक्वेन्सी हलते, ४८ व्होल्टला ४०० किलोहर्ट्झ तर २४ ला ३००, त्यामुळे ईएमआय (स्विचिंगमुळे बाहेर पसरणारा विद्युतचुंबकीय गोंगाट) फिल्टर करणाऱ्याच्या शिव्या खायची तयारी ठेवा.

पल्स नीट आहेत, रुंदी हळूहळू वाढते, हळूहळू कमी होते, असं दिसलं तरच त्या कपॅसिटरला हात लावा.