‘आज बरं आहे’ म्हणायची भीती

“मॅडम, एमआरआय नॉर्मल आला. म्हणजे मी नाटक करते का?”

नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की एकदा लिहूनच टाकते. अर्धशिशी एमआरआयमध्ये दिसत नाही. दुसरा काही आजार नाही ना, हे बघायला तो काढतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

मीनल (नाव बदललंय) अंबडच्या एका कारखान्यात हिशेब बघते. पहिल्या दिवशी स्कूटरवरचा स्कार्फ तिने आत आल्यावरही सोडला नाही. ट्यूबलाइटकडे बघून डोळे बारीक केले, तशी मी ती बंद केली. घरचे काय म्हणतात, तेवढंच ती सांगत राहिली: “पाहुणे यायचे म्हटलं की हिचं डोकं चढलंच!”

पुढच्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांगितलं. दुखलेल्या तारखांना लाल गोल, १६. गोळी घेतली की खाली टिंब, १८.

“दोन टिंबं जास्त?”

“त्या दिवशी सासऱ्यांची पंचाहत्तरी होती. दुखू नये म्हणून आधीच घेतली.”

साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिश्र (एकाहून जास्त औषधं असलेल्या) गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांनीच डोकेदुखी वाढू शकते. मी तिला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, हेही बजावलं.

चौथ्या भेटीत म्हटलं, “लाल गोल राहू द्या. कोऱ्या तारखांना काय करता?”

“राहिलेलं सगळं. धुणं, दळण, ऑफिसचं साचलेलं. रात्रीचे बारा वाजतात.” मग आवाज खाली गेला. “खरं सांगू? बरं वाटतंय हे मी घरात सांगतच नाही. सांगितलं की कामं येतात. कधी कधी नुसताच बाम लावून बसते, वास यावा म्हणून.” आणि रडायलाच लागली. “मग नाटकच झालं ना हे?”

“दुखतं ते खरंच आहे, मीनलताई. पण थोडं बसू द्या, हे सांगायला तुमच्या घरात दुखण्याशिवाय दुसरं कारण चालत नाही.”

ती बराच वेळ बोटाने कोऱ्या तारखा मोजत होती. जवळजवळ प्रत्येक कोऱ्या जोडीनंतर लाल गोल होता. बरा दिवस उधारी फेडण्यात जायचा आणि त्या दमणुकीतून पुढचं दुखणं यायचं. डोकं एका माणसाचं दुखतं, पण त्याचं वेळापत्रक सगळं घर ठरवतं, हे माझं जुनं मत आहे. त्या दुपारी ते कागदावर दिसलं, याचं मला आजही समाधान आहे.

म्हणून सांगते, बऱ्या दिवशीही कामाला वेळेची हद्द घाला. जेवण आणि झोप चुकवू नका. मीनलच्या प्रत्येक संकष्टीवर लाल गोल होता, चंद्रोदयापर्यंत उपाशी राहायची. घरच्यांना एकदा तरी सोबत आणा. मात्र अचानक असह्य दुखलं, तापासोबत मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर समुपदेशकाची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

मीनलचा नवरा दोनदा आला. दुसऱ्यांदा त्याने स्वतःहून ट्यूबलाइट बंद केली.

सहा महिन्यांनी लाल गोल ९ होते. एका कोऱ्या रविवारी पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘बरं होतं. सांगितलं. सोमेश्वरला गेलो. भांडी तशीच.’